पाळणाघराला कुलूप लागते तेव्हा : आईचे पैसे आणि मावशींचा पगार

(वाराणसी येथील बालाजी घाटावर मराठी कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एके सकाळी पाळणाघराच्या दाराला कुलूप दिसते. महिन्याची फी पहिल्या तारखेलाच भरलेली असते. मूल दाखल करताना अनामत म्हणून आणखी एका महिन्याची रक्कम दिलेली असते. कामाला निघण्याची वेळ टळत चाललेली असते आणि मूल कडेवर असते. त्या क्षणी आईपुढे तीन प्रश्न उभे राहतात. मुलाला आज ठेवायचे कोठे? आजचा रोज बुडणार काय? आणि भरलेले पैसे परत मिळणार की नाही? पहिले दोन प्रश्न इतके निकडीचे असतात की तिसरा आपोआप मागे पडतो. आठवड्यानंतर, महिन्यानंतर ती चौकशीला जाते, तेव्हा "मालक गावाला गेले आहेत" एवढेच उत्तर मिळते. चारसहा फेऱ्यांनंतर ती नाद सोडते, कारण पैसे मागण्यासाठी जाणारा वेळही तिच्या रोजातूनच कापला जातो. अशा रीतीने कष्टकरी घरांची रक्कम कोणाच्याही हिशेबात न येता बुडते.

हा प्रश्न किरकोळ आहे, घरगुती आहे, त्यावर सभेत काय बोलायचे, असे काहींना वाटेल. माझे मत निराळे आहे. मूल सांभाळणे हे काम समाजाचे की एकट्या आईचे, हा मूळ प्रश्न या कुलपामागे दडलेला आहे.

प्रश्न जुना आहे

आपल्या महाराष्ट्राच्या कामगार इतिहासाकडे पाहा. मुंबईच्या कापड गिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने राबत होत्या, तेव्हा तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय नव्हती. कामाच्या वेळेत मूल निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफू देण्याची चाल होती. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या गोष्टीची नोंद केली. कामगार पुढारी ना. म. जोशी हे त्या आयोगाचे सदस्य होते. १९२९ सालीच मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार स्त्री-पुरुष मिळून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ देणे बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नास हाच आकडा कायम आहे.

आता हा आकडा घेऊन आपण या घाटाच्या पायऱ्या चढून वर जाऊ. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, बालाजी घाट हा काशीतील मराठी वस्तीचा जुना पट्टा. पेशव्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा घाट. येथल्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. या गल्ल्यांतून आज कामाला जाणारी स्त्री कोठे जाते? कोणी साडीच्या दुकानात, कोणी छोट्या खासगी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी यात्रेकरूंच्या निवासात, तर कोणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला. विणकरांच्या वस्त्यांतील स्त्री घरीच बसून माल तयार करते. यांपैकी किती जणींच्या मालकाकडे पन्नास माणसे कामाला असतील? कायद्याचा हात ज्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या अलीकडेच बहुसंख्य स्त्रिया उभ्या आहेत. म्हणून त्या गल्लीतल्या खासगी पाळणाघराकडे वळतात आणि फी, अनामत, परतावा हे सारे त्यांच्या वाट्याला येते.

तीन प्रकारचे पैसे

पाळणाघराला दिलेली रक्कम एकाच प्रकारची नसते. हा फरक न केल्यामुळे पुष्कळ भांडणे विनाकारण चिघळतात.

पहिली मासिक फी. ती पुढील दिवसांच्या सांभाळासाठी आगाऊ घेतली जाते. दुसरी अनामत. ती मालकाची कमाई नव्हे. मूल काढून घेताना काही देणे राहिले तर ते वळते करून घेण्यासाठी ठेवलेली ती हमी आहे. तिसरे प्रवेशशुल्क. नोंदणी, साहित्य इत्यादींच्या नावाने एकदाच घेतलेली ही रक्कम असते.

समजा, मासिक फी २,६०० रुपये आहे आणि महिन्याचे २६ दिवस पाळणाघर चालते. म्हणजे दिवसाचे १०० रुपये झाले. आठ दिवस मूल राहिले आणि नवव्या दिवसापासून पाळणाघर कायमचे बंद झाले, तर १८ दिवसांचे १,८०० रुपये आणि अनामतीचे २,६०० रुपये, एकूण ४,४०० रुपये परत यावयास हवेत. तीन महिन्यांची फी एकदम घेतली असेल, तर ७,८०० मधून ८०० वजा जाता ७,००० आणि अनामत २,६००, असे ९,६०० रुपये होतात. प्रवेशशुल्क वर्षभरासाठी घेतले असल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात त्याचाही हिशेब मागता येतो. हे गणित कागदावर मांडलेले असले की "काहीतरी द्या" अशी विनवणी करावी लागत नाही. ठरावीक रक्कम मागता येते.

येथे एक न्यायाची बाजू मालकाचीही आहे. मूल आजारी पडले किंवा आई माहेरी गेली आणि मूल दहा दिवस आले नाही, तरी त्याची जागा राखलेली असते, मावशी कामावर असतात, भाडे चालू असते. त्या दहा दिवसांची फी मागणे अयोग्य नाही. परंतु पाळणाघरच बंद असेल तर जागा राखली असे म्हणता येत नाही. जी वस्तू दिलीच नाही तिचे मोल घेता येत नाही, हा बाजारातल्या भाजीवालीलाही ठाऊक असलेला न्याय आहे.

अनपेक्षित कशाला म्हणावे?

"अचानक संकट आले, आम्ही काय करणार?" हा मालकाचा नेहमीचा बचाव असतो. काही वेळा तो खरा असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, ती कोणत्याही मालकाने आणली नव्हती. परंतु काशीत राहणाऱ्यांनी या शब्दाची जरा तपासणी केली पाहिजे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. २०१३, २०१६, २०२२ आणि २०२५ या वर्षीही धोक्याची पातळी ओलांडली गेली. घाटालगतच्या गल्लीत तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्याला श्रावण-भाद्रपदात पाणी येऊ शकते हे ठाऊक असते. मग तो पूर अनपेक्षित कसा? ज्या संकटाची चाहूल दरसाल लागते, त्याचा विचार फी ठरवताना व्हायला हवा. पुरात पाच दिवसांहून अधिक बंद राहिल्यास त्या दिवसांची फी पुढील महिन्यात वळती होईल, एवढे एक वाक्य पावतीमागे लिहून घेतले तरी निम्मा वाद मिटेल.

म्हणून बंद पडण्याचेही प्रकार ओळखावेत. पूर, साथ, संचारबंदी यांमुळे काही दिवस बंद, हा पहिला. नियम मोडल्याने किंवा मुलांना इजा झाल्याने सरकारी आदेशावरून बंद, हा दुसरा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील पाळणाघरात एका तान्ह्या मुलीला झालेली मारहाण उघडकीस आली आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा वेळी दोष चालकाचा असतो. बाकीच्या मुलांच्या आईबापांनी आपले मूल ताबडतोब काढून घेतले तर "एक महिन्याची पूर्वसूचना दिली नाही" म्हणून त्यांची अनामत अडवणे निर्लज्जपणाचे ठरेल. तिसरा प्रकार कर्ज झाले, भाडे थकले, धंदा परवडेना म्हणून बंद. मालकाने टाळे लावण्याचे मनात ठरवून नंतरही तीन महिन्यांची आगाऊ फी गोळा केली असेल, तर तो दिवाणी वाद राहत नाही. ती फसवणूक आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली त्याची पोलिसांत फिर्याद देता येते.

करारातील शब्द

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. एका ओळखीच्या स्त्रीने पाळणाघराचा इंग्रजी करार मराठीत करून द्या म्हणून माझ्याकडे आणला. सही तिने सहा महिन्यांपूर्वीच केलेली होती. त्यात दोन कलमे शेजारीशेजारी होती. पालकाने मूल काढायचे झाल्यास साठ दिवस आधी कळवावे, अन्यथा अनामत जप्त होईल. आणि चालकांना कोणतेही कारण न देता केव्हाही सेवा थांबवता येईल, भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. मराठीत वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बांधलेली मी एकटीच!" कराराचे याहून नेमके भाषांतर मला करता आले नसते.

"अनामत" हा शब्द हिंदीतील "अमानत"चाच भाऊ. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली ठेव, असा त्याचा अर्थ. ठेवीची मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते. ज्या दिवशी चालक अनामतीचे पैसे भाड्यात आणि हप्त्यात खर्च करतो, त्या दिवसापासून ती ठेव राहत नाही. ते आईने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज होते, आणि तेही तिला न विचारता घेतलेले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणीव ही तक्रारीची बाब आहे. उणिवेची सेवा बंद करून, पावतीत ठरलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत रक्कम परत न करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. अवास्तव अनामत मागणे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार एकाच बाजूकडे ठेवणे, ही दोन्ही "अनुचित करारा"ची लक्षणे म्हणून कायद्यात नमूद आहेत. मात्र अनुचित कराराचे कलम रद्द ठरवून घ्यायचे असेल तर लखनौच्या राज्य आयोगाकडे जावे लागते. केवळ परतावा मागायचा असेल तर वाराणसीचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारशुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. एकाच पाळणाघराने अनेकांचे पैसे बुडवले असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते.

येथे एक खाचखळगा सांगितला पाहिजे. शिक्षणसंस्था या ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात काय, हा वाद बराच काळ चालू आहे. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये त्या येत नाहीत असा निर्णय दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यामुळे पैसे बुडवणारा चालक "आम्ही शाळा आहोत" असे म्हणू लागतो. पाळणाघराचे मुख्य काम सांभाळ हे आहे. म्हणून पावतीवर "सांभाळ फी" असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. शाळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये राजस्थानच्या प्रकरणात, टाळेबंदीच्या वर्षी शाळांचा खर्च वाचला म्हणून वार्षिक फीत १५ टक्के कपात योग्य मानली. जानेवारी २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील शाळांना २०२०-२१ च्या फीतील १५ टक्के रक्कम वळती करण्याचा, आणि शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांना ती परत देण्याचा आदेश दिला. पुढे हा वादही सर्वोच्च न्यायालयात गेला. न दिलेल्या सेवेचा पूर्ण मोबदला हक्काने घेता येत नाही, हे तत्त्व या निर्णयांमागे आहे.

मावशींचा पगार

परताव्याची मागणी करताना एक मोठी चूक टाळली पाहिजे. कुलूप लागलेल्या दाराबाहेर आई जशी उभी असते, तशाच तेथे राबणाऱ्या मावशीही उभ्या असतात. बहुधा त्यांचाही एकदोन महिन्यांचा पगार थकलेला असतो. त्यांच्याकडे पावती नसते, नेमणूकपत्र नसते. मालक आईला सांगतो की मावशींचे पगार द्यावे लागले म्हणून परतावा नाही, आणि मावशींना सांगतो की पालकांनी फी थकवली म्हणून पगार नाही. दोघींनी एकत्र बसून हिशेब ताडून पाहिला की खरे काय ते कळते. संतापलेल्या पालकांनी मावशींना जाब विचारणे आणि मावशींनी पालकांना चुकवून जाणे, यात फायदा तिसऱ्याचाच होतो. म्हणून मागणीपत्रात थकलेल्या पगाराचे कलम परताव्याच्या कलमाशेजारी लिहिले पाहिजे. मावशींच्या साक्षीशिवाय पाळणाघर किती दिवस चालले, कोणती मुले येत होती, हे सिद्ध करणेही अवघड असते.

सरकारी पाळणाघरे कोठे गेली?

खासगी पाळणाघराला पर्याय होता. १९७५ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत पाळणाघरांना सरकारी साहाय्य मिळू लागले. २००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. २०१७ च्या सुधारित राष्ट्रीय योजनेत एका केंद्रात २५ मुले, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास अशी व्यवस्था होती. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये, आईबापांचे मिळून उत्पन्न १२,००० पर्यंत असल्यास १०० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास २०० रुपये एवढीच फी होती. परंतु त्याच फेरबदलात पूर्वी ९० टक्के असलेला केंद्राचा वाटा ६० टक्क्यांवर आला, राज्याने ३० टक्के द्यावेत असे ठरले. पाळणाघर सेविकेचे मानधन ३,००० आणि मदतनिसाचे १,५०० रुपये होते. पैसा वेळेवर येईना, केंद्रे राज्यांकडे सोपवताना मध्येच लोंबकळत राहिली आणि वीस हजारांहून अधिक असलेल्या पाळणाघरांची संख्या २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली.

ही बंद पडलेली पाळणाघरेही अनपेक्षित बंदीचीच उदाहरणे आहेत. तेथे आईचे पैसे फारसे बुडाले नाहीत, पण तिची नोकरी बुडाली आणि तिचा परतावा मागायला कोणते कार्यालय नव्हते. २०२२ पासून "मिशन शक्ती"अंतर्गत "पालना" या नावाने १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट जाहीर झाले. आपल्या प्रभागातील किती अंगणवाड्यांत दिवसभराची सोय सुरू झाली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मूल सांभाळण्याचे काम केवळ बाजारावर सोडल्यास काय होते, हे श्रीमंत ऑस्ट्रेलियानेही पाहिले आहे. तेथे एबीसी लर्निंग या कंपनीने शेअर बाजारात उतरून आणि कर्ज काढून हजाराहून अधिक पाळणाघरे विकत घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये ती कोसळली. आईबापांनी फी नियमित भरली होती. बुडवले ते कर्जावर उभ्या केलेल्या विस्ताराने. केंद्रे चालू ठेवण्यासाठी सरकारला आरंभीच २ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. पुढे सेवाभावी संस्थांच्या गटाने सुमारे ६५० केंद्रे घेतली आणि ती ना-नफा तत्त्वावर चालवली. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत बंद पाळणाघरांनी फी घेतल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तेथील स्पर्धा प्राधिकरणाने न दिलेल्या सेवेची पूर्ण फी घेणे अन्याय्य ठरू शकते, असे पाळणाघरांना जाहीर पत्राने बजावले. हे काम तिकडे एका सरकारी यंत्रणेने अंगावर घेतले. आपल्याकडे ते प्रत्येक आईने एकटीने करावे, अशी अपेक्षा आहे.

काय करावे

पैसे भरण्यापूर्वी : छापील वा हाताने लिहिलेली, सही-तारखेची पावती घ्या. फी, अनामत आणि प्रवेशशुल्क वेगवेगळे लिहून घ्या. बंद करायचे झाल्यास किती दिवस आधी कळवणार आणि किती दिवसांत पैसे परत देणार, हे त्याच कागदावर आणा. तीन महिन्यांची फी एकदम देण्याचे टाळा, सवलतीचे आमिष असले तरी.

कुलूप लागल्यावर : दाराचा छायाचित्रासह पुरावा ठेवा. त्याच आठवड्यात सर्व पालकांची यादी करा. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाचा हिशेब मांडा. मावशींचा थकलेला पगार त्यात जोडा. लेखी मागणी नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तीस दिवसांची मुदत द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरीही पैसे आले नाहीत तर जिल्हा आयोगाकडे एकत्र जा. दर वेळी एकीने रोज बुडवण्यापेक्षा आळीपाळीने एकेकीने तारखेला जावे आणि तिचे मूल बाकीच्यांनी सांभाळावे.

आणि सरकारकडे मागायचे ते असे. प्रत्येक खासगी पाळणाघराची नोंदणी व्हावी. अनामत एका महिन्याच्या फीपेक्षा अधिक नसावी आणि ती वेगळ्या खात्यात राहावी. बंद करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी सूचना सक्तीची असावी. मावशींना नेमणूकपत्र आणि किमान वेतन मिळावे. पन्नासांच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या स्त्रियांसाठी वस्तीतली अंगणवाडी दिवसभर उघडी राहावी.

यातली पहिली यादी आपल्या हाती आहे, दुसरी मागून मिळवायची आहे. पहिलीपासून सुरुवात करू. या बैठकीतून घरी गेल्यावर आपल्या घरातील पाळणाघराची पावती शोधून काढा आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. ज्यांच्याकडे पावतीच नाही, त्यांनी उद्या सकाळी मूल सोडताना ती मागा. शेजारणीलाही मागायला सांगा.